कराटे-वर्ग : प्रवेशाची परंपरा

कराटे-वर्ग : शस्त्रावाचून लढण्याची मूळची ओकिनावा बेटावरील विद्या जेथे सामुदायिक रीतीने, ठराविक गणवेशात आणि श्रेणी-परीक्षांच्या चौकटीत शिकविली जाते, अशी संस्था. जपानी भाषेत अशा स्थानास 'दोजो' म्हणतात. 'मार्गाचे स्थान' असा या संज्ञेचा अर्थ असून बौद्ध ग्रंथांतील 'बोधिमंड' या संस्कृत शब्दाचे चिनी भाषांतर म्हणून ती प्रथम रूढ झाली. जपानमध्ये विहारातील साधनेच्या जागेस उद्देशून ती वापरीत. पुढे शस्त्रविद्येच्या शाळांनाही ती लावण्यात येऊ लागली. 'कराटे' या शब्दातील 'ते' म्हणजे हात. 'कारा' हा उच्चार जपानीत दोन वेगवेगळ्या चिन्हांचा होतो. त्यांपैकी एकाचा अर्थ चीनमधील तांग राजवंश, म्हणजे पर्यायाने चीन, व दुसऱ्याचा अर्थ रिक्त. त्यामुळे 'चिनी हात' व 'रिक्त हात' असे दोन्ही अर्थ या नावाने धारण केले आहेत.

कराटे-वर्गात प्रथमच येणाऱ्या मुलास व त्याच्या पालकांस पांढरा गणवेश, रंगीत पट्टे, रांगेतील वंदन, जपानी भाषेतील आज्ञा व ठराविक कालावधीने होणाऱ्या परीक्षा दिसतात. हे सर्व अतिप्राचीन असावे, असा त्यांचा सहज समज होतो. वस्तुतः वर्गाचे हे रूप १९०१ ते १९४० या अल्प काळात घडले व त्यातील काही भाग तर त्याहूनही अर्वाचीन आहे. विद्या जुनी; पण तिचा वर्ग नवा, ही गोष्ट प्रवेशार्थींनी प्रथम लक्षात घेण्यासारखी आहे. कारण प्रत्येक प्रथेचा उगम माहीत झाल्यास कोणती प्रथा पाळण्याजोगी आहे आणि कोणत्या प्रथेविषयी विचारणा करणे योग्य आहे, हे ठरविता येते.

वैयक्तिक अध्यापनाचा काल : जपान व तैवान यांमधील रिऊक्यू बेटांवर पंधराव्या शतकापासून एक स्वतंत्र राज्य होते व त्याचा चीनशी घनिष्ठ व्यापारी व सांस्कृतिक संबंध होता. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा येथील सरदारांनी हे राज्य आपल्या वर्चस्वाखाली आणले आणि १८७९ मध्ये जपानने ते खालसा करून ओकिनावा प्रांत निर्माण केला. या बेटांवरील देशी मुष्टिविद्येस नुसते 'ते', तर चीनमधून आलेल्या विद्येस 'तोदे' म्हणत. शुरी ही राजधानी, नाहा हे बंदर आणि त्याजवळील तोमारी हे गाव या तीन ठिकाणांवरून शुरी-ते, नाहा-ते व तोमारी-ते असे तीन प्रवाह पुढे ओळखले जाऊ लागले. नाहा येथील हिगाओन्ना कानऱ्यो यांच्यासारखे काही जण चीनच्या फूजिआन प्रांतातील फूजो या शहरी जाऊन तेथील विद्या शिकून आले होते.

शस्त्रबंदीमुळे निःशस्त्र झालेल्या शेतकऱ्यांनी जुलमी सत्ताधीशांविरुद्ध ही विद्या निर्माण केली, अशी कथा अनेक वर्गांतून सांगण्यात येते. ज्यांची नावे ज्ञात आहेत असे जुने शिक्षक मात्र बहुतांशी शुरी दरबाराशी संबंधित असलेल्या 'पेचिन' या कुलीन अधिकारीवर्गातील होते. तेव्हा ही कथा इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. भारतीय भिक्षू बोधिधर्म याने चीनमधील शाओलिन विहारात ही विद्या नेली, ही भारतातील वर्गांत विशेष प्रिय असलेली कथाही अशीच आहे. तिचा आधार मानला जाणारा व्यायामविषयक चिनी ग्रंथ सतराव्या शतकातील आहे. बोधिधर्माचा काल त्याच्या हजारएक वर्षे आधीचा होय.

त्या काळी वर्ग असा नव्हताच. शिक्षक आपल्या घराच्या अंगणात, पुष्कळदा रात्रीच्या वेळी, एखाद-दुसऱ्या शिष्यास शिकवी. फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) यांनी आपल्या आत्मकथनात या शिक्षणाचे वर्णन केले आहे. प्रकृतीने नाजूक असलेला हा मुलगा आझातो आंको या कुलीन गृहस्थांच्या अंगणात कंदिलाच्या उजेडात एकच हालचालक्रम आठवडेच्या आठवडे, कित्येकदा महिनोन्‌महिने करीत राही आणि शिक्षकाचे समाधान झाल्यावाचून पुढचा क्रम मिळत नसे. पट्टा नव्हता, परीक्षा नव्हती, प्रमाणपत्रही नव्हते. शिष्याची पात्रता ठरविणारा एकच माणूस होता आणि तो शिष्यास, त्याच्या कुलास व स्वभावास जवळून ओळखत असे. विद्या कोणास द्यावयाची याची परीक्षा प्रवेशापूर्वीच होत असे.

शाळेत प्रवेश : हे दार प्रथम उघडले ते लहान मुलांसाठी. फुनाकोशींचे दुसरे गुरू इतोसु आंको (१८३१–१९१५) यांच्या प्रयत्नाने १९०१ मध्ये शुरी येथील प्राथमिक शाळेत शारीरिक शिक्षणाचा भाग म्हणून ही विद्या शिकविली जाऊ लागली आणि १९०५ पासून ओकिनावातील माध्यमिक शाळेत व अध्यापक-विद्यालयात तिचा समावेश झाला. ऑक्टोबर १९०८ मध्ये इतोसु यांनी शिक्षणाधिकाऱ्यांसाठी दहा कलमांचे एक पत्र लिहिले. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा : ही विद्या केवळ स्वतःच्या शरीराच्या लाभासाठी नाही, एखाद्या प्रतिस्पर्ध्यावर वर्चस्व गाजविण्यासाठी ती वापरू नये, दुर्जनाशी गाठ पडल्यास शक्यतो इजा टाळावी. ती लवकर येत नाही, परंतु रोज एक-दोन तास मनापासून अभ्यास केल्यास तीन-चार वर्षांत शरीरात पालट दिसतो, असेही त्यांनी नमूद केले आहे. आजही एखाद्या पालकाने 'किती दिवसांत येईल ?' असे विचारल्यास याहून प्रामाणिक उत्तर देता येणार नाही.

अंगणातील विद्या शाळेत नेताना तिचे रूप बदलणे अपरिहार्य होते. इतोसु यांनी जुन्या, दीर्घ हालचालक्रमांवरून 'पिनान' या नावाचे पाच सोपे क्रम मुलांसाठी रचले, असे सामान्यतः मानले जाते. डोळे, कंठ, सांधे यांवरील घातक प्रयोगांचे स्पष्टीकरण मागे पडले. उघड्या हाताऐवजी मिटलेल्या मुठीस प्राधान्य मिळाले. आणि एका शिक्षकाच्या आज्ञेवर पन्नास मुलांनी एकाच वेळी हालचाल करावी, अशी कवायतीची पद्धत आली. या बदलामुळे विद्येचा गाभा हरवला, अशी टीका पुढे झाली. तथापि लहान मुलांच्या हाती जे द्यावयाचे, ते त्यांच्या वयास झेपेल असेच असले पाहिजे, हे तत्त्व इतोसु यांनी घालून दिले आणि ते आजही मार्गदर्शक आहे.

विद्यापीठीय मंडळे : मे १९२२ मध्ये टोकिओत जपानच्या शिक्षणखात्याने भरविलेल्या शारीरिक शिक्षणविषयक प्रदर्शनात फुनाकोशींनी या विद्येचे प्रात्यक्षिक सादर केले. ते व्यवसायाने शाळाशिक्षक होते व लगेच परतण्याचा त्यांचा बेत होता. तथापि ज्यूदोचे संस्थापक कानो जिगोरो (१८६०–१९३८) यांनी त्यांना आपल्या कोदोकान या संस्थेत प्रात्यक्षिकासाठी पाचारण केले. इतरांचाही आग्रह झाला आणि फुनाकोशी टोकिओतच राहिले. ओकिनावातील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एका वसतिगृहात त्यांनी आश्रय घेतला. दिवसा ते तेथील झाडलोट व राखण करीत आणि मोकळ्या वेळी तेथील व्याख्यानगृहात शिकवीत. जेवणखर्चात सवलत मिळावी म्हणून त्यांनी तेथील स्वयंपाक्यालाही कराटे शिकविले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

१९२४ मध्ये टोकिओच्या केइओ विद्यापीठात पहिले विद्यापीठीय कराटे-मंडळ स्थापन झाले आणि पुढील दशकात इतर विद्यापीठांतही अशी मंडळे निघाली. आज ज्याला आपण कराटे-वर्ग किंवा क्लब म्हणतो, त्याचे साक्षात पूर्वरूप हेच होय. सभासदत्व, नियमित वेळ, वरिष्ठ व कनिष्ठ विद्यार्थी (सेम्पाई व कोहाई) अशी उतरंड, वर्षारंभी नव्या सभासदांची भरती, या सर्व गोष्टी विद्यापीठीय जीवनातून आल्या. शिक्षणाची त्रिविध विभागणीही याच काळात स्थिरावली : 'किहोन' म्हणजे आघात, अडवणूक, लाथ व पवित्रा यांचा मूलभूत सराव, 'काता' म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी लढताना करावयाच्या हालचालींचा ठराविक क्रम, आणि 'कुमिते' म्हणजे जोडीदाराबरोबरचा, प्रथम ठरवून व मग मुक्तपणे करावयाचा सामना. नवशिक्याचे पहिले काही महिने किहोनमध्येच जातात. पालकांस ते कंटाळवाणे वाटले, तरी पुढील सर्व सुरक्षितता त्यावरच अवलंबून असते.

याच सुमारास नावही बदलले. चीनशी जपानचे संबंध बिघडत चालले असता 'चिनी हात' हे नाव गैरसोयीचे ठरू लागले, तर दुसरीकडे 'रिक्त' या चिन्हास बौद्ध शून्यतेचा अर्थही होता. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा येथे भरलेल्या शिक्षकांच्या बैठकीत 'रिक्त हात' या लेखनास मान्यता मिळाली. ओकिनावा प्रांतिक विधिमंडळाने २००५ मध्ये हा दिवस 'कराटे दिन' म्हणून घोषित केला. फुनाकोशींची शोतोकान, मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांची गोजू-र्‍यू, माबुनी केन्वा (१८८९–१९५२) यांची शितो-र्‍यू आणि ओत्सुका हिरोनोरी (१८९२–१९८२) यांची वादो-र्‍यू या चार प्रमुख शैली १९३० नंतरच्या दशकात पृथक नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. नवागताने आपला वर्ग कोणत्या शैलीचा, हे विचारून घ्यावे. कोणतीही एक शैली दुसरीहून श्रेष्ठ आहे, असा निर्णय इतिहास देत नाही. मात्र एका शैलीतून दुसरीत जाताना काता बदलतात व पुष्कळदा श्रेणी पुन्हा मिळवावी लागते.

गणवेश, पट्टा व श्रेणी : हे तिन्ही कराटेने ज्यूदोकडून घेतले. कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकानची स्थापना केली व १८८३ मध्ये प्रथम 'दान' ही श्रेणी दिली. 'गो' या पटावरील खेळात सतराव्या शतकापासून प्रचलित असलेली ही पद्धत त्यांनी शारीरिक विद्येस लागू केली. श्रेणीधारकांनी काळा पट्टा बांधावा, ही प्रथा त्यानंतर अल्पावधीतच आली. फुनाकोशींनी १९२४ मध्ये आपल्या काही शिष्यांस प्रथमच दान-श्रेणी दिल्या. ज्यूदोच्या जाड अंगरख्यावरून कराटेसाठी हलका पांढरा गणवेश ('गी') तयार झाला. सर्वांचा वेश सारखा असावा व त्यात गरीब-श्रीमंत, उच्च-नीच हा भेद दिसू नये, हा त्यातील अर्थ आहे. पांढरा पट्टा वर्षानुवर्षे न धुता मळून काळा होतो, ही दंतकथा होय. पट्टा धुण्यास कोणताही प्रत्यवाय नाही.

दानच्या खालच्या श्रेणींना 'क्यू' म्हणतात. बहुतेक वर्गांत नवागत दहाव्या वा नवव्या क्यूपासून आरंभ करतो आणि उतरत्या क्रमाने पहिल्या क्यूपर्यंत येतो; त्यानंतर पहिला दान, म्हणजे प्रचारातील 'ब्लॅक बेल्ट'. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी अशा रंगीत पट्ट्यांची माळ प्रथम यूरोपातील ज्यूदो-वर्गांत दोन महायुद्धांच्या दरम्यान रुजली. प्रगती डोळ्यांना दिसावी, म्हणजे विद्यार्थ्याचा उत्साह टिकतो, हा तिचा हेतू होता. रंगांचा क्रम शैलीपरत्वे व संस्थेपरत्वे भिन्न असतो. तेव्हा दोन वर्गांतील समान रंगाच्या पट्ट्यांची तुलना निरर्थक ठरते.

पहिल्या दानविषयीचा गैरसमज विशेष प्रमाणात आढळतो. 'शोदान' या जपानी शब्दाचा अर्थ 'प्रारंभीची पायरी' असा आहे. ती पूर्णतेची खूण नसून विद्यार्थी मूलभूत गोष्टी शिकून आता अभ्यासास पात्र झाला, एवढेच ती दर्शविते. मियागी यांनी आपल्या हयातीत शिष्यांस दान-श्रेणी दिल्या नाहीत, असे त्यांच्या परंपरेत सांगितले जाते. ओकिनावात श्रेणींचा सार्वत्रिक प्रसार मुख्यतः १९५० नंतर झाला. यावरून असे दिसते, की थोर शिक्षक पट्ट्यांवाचून होऊन गेले आहेत. पट्टा ही संस्थेने केलेली नोंद आहे. त्या संस्थेची परीक्षा जितकी कठोर व प्रामाणिक, तितकेच त्या नोंदीचे मोल.

शिस्त व तिचा विपर्यास : फुनाकोशींच्या वीस उपदेशवचनांपैकी पहिल्यात कराटेचा आरंभ व शेवट वंदनाने होतो, असे म्हटले आहे आणि दुसऱ्यात कराटेत पहिला आघात नाही, असा निर्वाळा दिला आहे. हे दुसरे वचन कामाकुरा येथील एंगाकुजी या मंदिरातील त्यांच्या स्मारकावर कोरलेले आहे. वंदन हे दास्याचे चिन्ह नव्हे. ज्याच्यावर आपण आघात करणार आणि जो आपल्यावर आघात करणार, त्याच्या शरीराची जबाबदारी परस्परांनी स्वीकारल्याची ती ग्वाही आहे. महाराष्ट्रातील तालमीत पहिलवान मातीस हात लावून मगच हौद्यात उतरतो. त्या कृतीचा अर्थ ज्यास ठाऊक आहे, त्यास दोजोतील वंदन परके वाटणार नाही. ते धार्मिक पूजनही नाही व कोणत्याही धर्माच्या मुलास त्यात अडचण वाटण्याचे कारण नाही.

परंतु विद्यापीठीय मंडळांतून जी उतरंड आली, तिचे दुष्परिणामही इतिहासात नोंदले गेले आहेत. १९३० नंतरच्या लष्करी वातावरणात वरिष्ठांची आज्ञा हाच नियम झाला व ती वृत्ती युद्धानंतरही काही मंडळांत टिकून राहिली. १९७० मध्ये टोकिओतील एका विद्यापीठाच्या कराटे-मंडळातून बाहेर पडू इच्छिणाऱ्या एका नव्या विद्यार्थ्याचा सहसभासदांच्या मारहाणीत मृत्यू झाला. या प्रकाराने जपानमध्ये मोठी खळबळ उडाली. ही घटना अपवादात्मक असली, तरी तिचा बोध सार्वत्रिक आहे. कष्ट आणि छळ यांत भेद आहे. थकवा, घाम, पुनःपुन्हा चूक सुधारणे हे कष्ट शिक्षणाचे अंग होत. अपमान, शिक्षा म्हणून मारणे, इजा झालेली असताना सराव करावयास लावणे आणि वर्ग सोडू न देणे हे नव्हे. ज्या वर्गातून मोकळेपणाने बाहेर पडता येते, त्यातच प्रवेश घ्यावा.

स्पर्धा व नियंत्रण : दुसऱ्या महायुद्धात ओकिनावाच्या लढाईत (१९४५) तेथील कराटेची अपरिमित हानी झाली, टोकिओतील फुनाकोशींचा दोजोही त्याच वर्षी हवाई हल्ल्यात नष्ट झाला. युद्धोत्तर काळात १९४९ मध्ये जपान कराटे संघटनेची स्थापना झाली. फुनाकोशींना चढाओढी मान्य नव्हत्या. एप्रिल १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले व त्याच वर्षी या संघटनेने पहिली अखिल जपान स्पर्धा भरविली. १९७० मध्ये टोकिओत पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२० च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये (प्रत्यक्षात ऑगस्ट २०२१) कराटेचा प्रथमच समावेश झाला. त्यात पुरुष व स्त्रिया यांच्यासाठी प्रत्येकी चार प्रकार होते. त्यानंतरच्या पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये कराटे नव्हते आणि लॉस अँजेल्स येथील २०२८ च्या ऑलिंपिकसाठीही त्याची निवड झालेली नाही.

या स्पर्धाप्रकारात आघात पूर्ण वेगाने करावयाचा, परंतु तो लक्ष्याशी नियंत्रित ठेवावयाचा, असा दंडक आहे. त्याचे महत्त्व टोकिओतच दिसून आले. ७ ऑगस्ट २०२१ रोजी पुरुषांच्या सर्वांत वजनदार गटाच्या अंतिम सामन्यात सौदी अरेबियाचा तारेग हामेदी हा ४–१ अशा गुणांनी आघाडीवर होता. त्याच्या उंच लाथेने इराणचा सज्जाद गंजजादे बेशुद्ध पडला. पंचांनी नियंत्रण न राखल्याबद्दल हामेदीस अपात्र ठरविले व सुवर्णपदक गंजजादेस मिळाले. या निर्णयावर पुष्कळ चर्चा झाली. परंतु या खेळात प्रतिस्पर्ध्यास पाडण्यापेक्षा आपला हात-पाय आवरण्यास अधिक मोल आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. याउलट ओयामा मासुतात्सु (१९२३–९४) यांनी प्रवर्तित केलेल्या क्योकुशिन शैलीत धडावर पूर्ण जोराचे आघात मान्य आहेत. आपल्या पाल्याच्या वर्गात यांपैकी कोणती पद्धत अनुसरली जाते, हे पालकांनी प्रवेशापूर्वीच जाणून घ्यावे.

जागतिक प्रसार व भारत : युद्धोत्तर काळात जपान व ओकिनावा येथील अमेरिकन सैनिकांनी कराटे आत्मसात केले, १९५३ मध्ये जपानी शिक्षकांनी अमेरिकेतील हवाई तळांवर जाऊन शिकविले. मायदेशी परतलेल्या सैनिकांनी वर्ग काढले आणि कराटे हा प्रथमच मोठ्या प्रमाणावर उपजीविकेचा व्यवसाय झाला. १९७३ मधील ब्रूस लीच्या चित्रपटाने (त्याची विद्या कराटे नसून चिनी होती) आणि १९८४ मधील द कराटे किड या चित्रपटाने तरुणांची व नंतर लहान मुलांची वर्गांकडे रीघ लागली. भारतातही मुंबई, मद्रास आदी शहरांत १९६० ते १९८० च्या दरम्यान वर्ग सुरू झाले. आज महाराष्ट्रात शाळांची सभागृहे, महानगरपालिकांची मैदाने व निवासी संकुलांची आवारे यांत ते भरतात.

या प्रसाराबरोबर दोन अडचणी आल्या. पहिली, श्रेणी हे उत्पन्नाचे साधन झाल्यामुळे परीक्षांची संख्या वाढली व काही ठिकाणी ठराविक मुदतीत काळा पट्टा देण्याचे आश्वासन दिले जाऊ लागले. दुसरी, संघटनांची बहुलता. कराटेस एकच एक सर्वोच्च संस्था कधीच नव्हती. शैलींच्या, देशांच्या व खेळाच्या संघटना वेगवेगळ्या आहेत. जागतिक कराटे महासंघाने २०२० मध्ये भारतातील तत्कालीन संलग्न संघटनेची संलग्नता तात्पुरती रद्द केली होती. 'मान्यताप्राप्त' हा शब्द फलकावर दिसताच कोणाची मान्यता व कशासाठी, असा प्रश्न विचारणे म्हणूनच अगत्याचे ठरते. शालेय व माध्यमिक परीक्षांतील क्रीडागुणांचा हेतू मनात असल्यास कोणत्या स्पर्धा ग्राह्य आहेत, हे शासनाच्या चालू निर्णयावरून स्वतः पडताळून पाहावे. वर्गचालकाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये.

प्रवेशार्थी व पालक : प्रवेश घेण्यापूर्वी एक-दोन पूर्ण वर्ग बसून पाहावेत. पालकांस पाहण्याची मुभा नसलेला वर्ग टाळणे श्रेयस्कर. शिक्षक मुलांच्या चुका कशा सुधारतो, दुर्बल मुलाकडे किती लक्ष देतो आणि वरिष्ठ विद्यार्थी नवागतांशी कसे वागतात, या तीन गोष्टी त्याच्या प्रमाणपत्रांहून अधिक सांगतात. शिक्षकाची श्रेणी कोणत्या संस्थेची, त्यास प्रथमोपचाराचे ज्ञान आहे किंवा नाही, अपघात झाल्यास कोणती व्यवस्था आहे, हेही विचारावे. मासिक शुल्क, परीक्षाशुल्क, गणवेश, संरक्षक साहित्य, शिबिरे व स्पर्धा यांचा वर्षभराचा एकूण खर्च आरंभीच लेखी घ्यावा. पहिल्या महिन्यात साधा सैल पोशाख पुरतो. गणवेश विकत घेण्याची घाई करू नये.

दमा, हृदयविकार, अपस्मार, पूर्वी झालेला अस्थिभंग यांची माहिती शिक्षकास द्यावी व वैद्यकीय सल्ला घ्यावा. सराव अनवाणी होतो. त्यामुळे नखे कापलेली व पाय स्वच्छ असावेत. अंगठ्या, साखळ्या, कडी घालू नयेत. भरल्या पोटी सराव करू नये. सामन्याच्या सरावात हातमोजे, दातांचे रक्षक आवरण व नडगीरक्षक वापरावेत. 'माकिवारा' या गवती दोरी गुंडाळलेल्या खांबावर रोज शे-दोनशे ठोसे मारावेत, असे इतोसु यांनी म्हटले होते. तथापि वाढत्या वयात हाडांची टोके कोवळी असल्याने मुलांकडून कठीण पृष्ठभागावर ठोसे मारून घेणे किंवा फरशा व विटा फोडून घेणे योग्य नव्हे. डोक्यास मार लागून चक्कर, ओकारी वा गोंधळलेपणा आल्यास सराव तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे न्यावे व त्यांच्या अनुज्ञेवाचून पुन्हा सामन्यास उभे करू नये.

पवित्रा सुधारताना शिक्षकास विद्यार्थ्याच्या शरीरास स्पर्श करावा लागतो. तो सर्वांसमक्ष, कारण सांगून व मुलाच्या संमतीने व्हावा. मुलाने एखाद्या गोष्टीविषयी अस्वस्थता व्यक्त केल्यास गुरुनिष्ठेच्या नावाखाली ती दडपू नये. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम क्रीडाशिक्षकांनाही लागू आहे. मुलींसाठी स्वसंरक्षण हा प्रवेशाचा प्रमुख हेतू असेल, तर काही आठवड्यांच्या शिबिराने संकटसमयी वापरता येईल असे कौशल्य अंगी बाणत नाही, हे ध्यानात घ्यावे. धोका ओळखणे, मोठ्याने ओरडणे, निसटणे व मदत मागणे यांचे शिक्षण आघातांइतकेच आवश्यक आहे.

पालकांनीही काही पथ्ये पाळावीत. वर्गाच्या वेळी बाहेरून सूचना देऊ नयेत, शेजारच्या मुलाच्या पट्ट्याशी तुलना करू नये व परीक्षेत अपयश आल्यास शिक्षकाशी वाद घालू नये. प्रामाणिक वर्गात अनुत्तीर्ण होणे ही सामान्य बाब आहे. मुलाने घरी वा शाळेत या विद्येचा धाक दाखविल्यास शिक्षकास कळवावे. पुष्कळ विद्यार्थी रंगीत पट्ट्यांच्या मध्यावर, नावीन्य ओसरल्यावर, वर्ग सोडतात. त्या वेळी आग्रह किती धरावयाचा, हे मुलाच्या कलाने ठरवावे.

ओकिनावातील अंगणात गुरू शिष्याची पारख करून मग त्यास प्रवेश देई. शाळा, विद्यापीठे व नंतर व्यवसाय यांनी ते दार सर्वांसाठी उघडले. मुली, दुर्बल प्रकृतीची मुले, परदेशस्थ, प्रौढ अशा असंख्यांना त्याचा लाभ झाला. मात्र प्रवेशापूर्वीची ती पारख त्यामुळे संपली नाही. तिचे दायित्व बदलले. अपरिचित शिक्षकाच्या हाती आपले मूल सोपविणाऱ्या कुटुंबाने आता वर्गाची पारख करावयाची आहे आणि ती करताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. नाजूक प्रकृतीच्या ज्या मुलाने कंदिलाच्या उजेडात एकच काता महिनोन्‌महिने केला, त्यास पट्टा मिळणार नव्हता. त्याचा गुरू मात्र जवळ बसून लक्षपूर्वक पाहत होता. नव्या सभासदाने वर्गात प्रथम शोधावयाचे ते असे लक्ष होय.